मी सरळ केलेला माउथपीस

लेका बाळाराम, रागावूनच लिहायला बसलोय. काल तुझ्या अंगणात तेराव्याचं जेवलो, घरी आलो, आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. राग कसला ते येईलच ओघात. त्याआधी एक गोष्ट बोलून टाकतो, कारण तू होतास तोवर नऊ वर्षांत ती माझ्या तोंडातून निघाली नाही. तुझा माउथपीस मी बिघडवला. तो पडला नव्हता, उंदराने कुरतडला नव्हता. मी बिघडवला, या दोन हातांनी, पूर्ण शुद्धीत, आणि वर शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

तुर्भ्याच्या कारखान्यात मी लेथवर आणि तू पॅकिंगला. मी कराडकडचा. बायको-पोरं गावी, म्हाताऱ्या आईवडलांपाशी, आणि मी वाशीत एका खोलीत स्टोव्हवर भात लावून खाणारा. तू कोपरखैरण्याचा, तिथल्याच मातीतला. शेत नव्या शहरात गेलं आणि बदल्यात ही नोकरी आली. खोके बांधण्यात तुझा जीव कधी रमलाच नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळे पत्ते कुटायचे आणि तू खिशातून एक चपटी पिवळसर काडी काढून तोंडात धरून बसायचास. मला वाटायचं, दात कोरतोय. चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी न राहवून विचारलं, तर म्हणालास, ‘पत्ती हाय. मावशीची.’ मी मनात म्हटलं, हे प्रकरण कामातून गेलेलं दिसतंय.

मावशी म्हणजे तुझं आल्टो क्लॅरिनेट. तुझ्या चुलत्याचा गावात बँड होता. त्याने कुठल्याशा लष्करी बँडची मोडीत निघालेली वाद्यं आणली, त्यांत हेही आलं. साध्या क्लॅरिनेटपेक्षा चांगलंच लांब, वरची मान वाकडी, तिच्या टोकाला तोंडात धरायचा माउथपीस आणि त्यावर ती पत्ती, जी फुंकरीने थरथरली की सूर निघतो, खालचं तोंड पितळेचं आणि पुन्हा वर वळलेलं. क्लॅरिनेटवाल्यांना ते जड आणि सॅक्सोफोनवाल्यांना पुळचट. कोणी हात लावेना, तेव्हा बँडमधला सगळ्यांत नवखा म्हणून ते तुझ्या गळ्यात बांधलं, आणि तू त्याला मावशी म्हणायला लागलास. आईइतका धाक नाही, पण घरात असली की बरं वाटतं, असं तुझं म्हणणं.

मग मी एकदा हौसेने तुमच्या गावातल्या वरातीला आलो. पुढे ट्रम्पेट, मागे ढोल, मधे लाल कोटात तू, डोळे मिटून वाजवतोयस. तुझं वाजतंय की नाही हे मला शपथेवर सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी तसं बोललो. तू चिडला नाहीस. रविवारी ये, बांधावर, एवढंच म्हणालास.

त्या रविवारची सकाळ अजून माझ्या अंगावर आहे. मिठागराच्या पलीकडचा तो मातीचा बांध, त्यात खाडीचं पाणी आतबाहेर सोडायची लाकडी झडप, जिला तुम्ही उघाडी म्हणता. पाणी चढत होतं. समोरचं काहीच धड दिसत नव्हतं; पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे लागलं ते कळत नव्हतं, एक होडी तर हवेतच उभी असल्यागत दिसत होती. तू उघाडीच्या फळीवर बसलास आणि वाजवायला लागलास. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, तुला माहीत आहे. पण तो आवाज कानात आला असं मला वाटलंच नाही. तो आधीपासून त्या पाण्यावर होता आणि तू फक्त त्याच्यावरचं फडकं काढलंस. थोडा घोगरा, थोडा ओलसर, एका बाजूला किंचित कललेला. मला माझी थोरली बहीण आठवली, दुपारी जात्यावर बसून स्वतःशीच गुणगुणणारी. मी किती वेळ बसलो कुणास ठाऊक. उठलो तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं आणि पायाला मुंग्या आल्या होत्या.

त्या दिवसापासून मी तुझ्या पत्त्यांच्या नादी लागलो. मावशीच्या मापाच्या पत्त्या कुठे मिळायच्याच नाहीत. फोर्टातल्या वाद्यांच्या दुकानातून तू सॅक्सोफोनच्या आणायचास, दहांची खोकी, आणि त्यांतून निवडायला बसायचास. एकेक पत्ती उन्हासमोर धरायची. मधे सावली जाड, कडेला पातळ, आणि दोन्ही कडांना सारखी उतरलेली असली तर ती बाजूला. हिरवट झाक दिसली की पत्ती ज्या बोरूसारख्या नळाची कापतात तो कच्चा, फेक. पिवळी आणि मधेमधे तपकिरी ठिपके म्हणजे पिकलेली. मग तोंडात धरून भिजवायची, आणि भिजेपर्यंत ओठांच्या कोपऱ्यातून माझ्याशी बोलायचं. मग अंगठ्याच्या नखावर हलकेच वाकवून बघायची. मग माउथपीसवर ठेवून पितळी क्लिप आवळायची आणि एकच सूर लांबवायचा. दहांत तीन चांगल्या निघायच्या. दोन बऱ्या. उरलेल्यांना तू लग्नाला नाय, बारशाला चालंल म्हणायचास. एकीला तर आपल्या सुपरवायझरचं नाव दिलं होतंस, नुसती किंचाळते म्हणून. मला हसून ठसका लागला होता.

आणि मग ती हळद. नाचता नाचता नवऱ्या मुलाच्या मामाचं कोपर मावशीला लागलं आणि माउथपीसचं टोक उडालं. फार नाही, तांदळाच्या कणीएवढं. सोमवारी तू तो रुमालात गुंडाळून माझ्याकडे आणलास आणि सांगितलंस, ‘इलास, यो कोपरा तेवरा घास. बाकी हात लावू नको.’

बाकी हात लावू नको. किती साधं वाक्य होतं. पण बाळाराम, तू ते एका टर्नरला सांगत होतास रे. मी कोपरा घासला, तासाभरात झालं. मग सहज म्हणून तो माउथपीस सरफेस प्लेटवर उलटा ठेवला. सरफेस प्लेट म्हणजे आमची आरशासारखी सपाट केलेली लोखंडी पाटी, कुठली वस्तू सरळ आहे आणि कुठली नाही ते तिच्यावर कळतं. पत्ती टेकते त्या दोन कडांपैकी डावी कड खाली गेलेली निघाली. केसाएवढा फरक. माझ्या जिवाची नुसती तगमग झाली. एवढा गुणी माणूस आणि एवढ्या वाकड्या वस्तूवर वाजवतोय! हे सरळ केलं तर काय वाजवेल! मी चार दिवस जेवणाची सुट्टी त्यात घातली. सगळ्यांत बारीक पॉलिश पेपर पाटीवर पसरून, थेंबभर तेल टाकून, दोन बोटांनी घासत राहिलो. एवढ्या निगुतीने मी कंपनीचं काम उभ्या जन्मात केलं नाही. शेवटी पट्टी लावून उजेडासमोर धरला, तर खालून तिरीप येईना. मी खूश.

तू बांधावर तो लावलास. सूर धरलास. थांबलास, पत्ती काढून परत बसवलीस, परत धरलास. आवाज स्वच्छ होता, अगदी सरळ, रेडिओवर बातम्या देणाऱ्या माणसाचा असतो तसा. मी म्हटलं, बघ, आता कसा सुटसुटीत. तू पत्ती काढून उन्हासमोर धरलीस. मग म्हणालास, चांगला केलास. पत्ती बदलून बघू.

मला महिन्याभराने उमगलं. कँटीनमध्ये तू चहा पीत होतास आणि मी समोर. ग्लास तू नेहमी डाव्या कोपऱ्याने तोंडाला लावायचास, कारण लहानपणी बांधावरून पडून तुझा पुढचा दात अर्धा तुटला होता आणि जबडा जरा तिरकाच बसला होता. मावशीही तू तशीच धरायचास, डावीकडे जोर देऊन, बारा वर्षं. ती कड बिघडलेली नव्हती, ती तुझ्या तोंडाप्रमाणे झाली होती. तुझा आवाज त्या केसभर फरकात होता आणि तोच मी घासून, फुंकर मारून, जमिनीवर उडवून दिला होता. मी माझा ग्लास अर्धाच खाली ठेवला. तेव्हाच म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, साखर जास्त आहे.

आणखी एक. चुलत्याने एका सुपारीच्या वेळी सगळ्यांदेखत विचारलं, मावशीला काय झालं, मधलं काही ऐकू येत नाही. मी तिथेच होतो. तू म्हणालास, माझ्या हातून पडली, दगडावर आपटली. त्याने तुला वाद्य सांभाळायची अक्कल नाही म्हणून झापलं आणि मी बाजूला उभा राहून मान हलवली. हो ना, पडली म्हणून. बाळाराम, दुसरा कोणी असता तर मला खाडीत ढकलून मोकळा झाला असता.

तिथून आपले रविवार सुरू झाले. मला कधीकधी वाटतं, तो एकच रविवार होता आणि तो नऊ वर्षं चालला. सकाळी वाशीहून चालत किंवा मिळेल त्या टेंपोने मी यायचो, वहिनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून द्यायच्या, आणि आपण बांधावर. तू पत्त्या घेऊन, मी माउथपीस घेऊन. कारखान्यातल्या टाकाऊ तुकड्यांतून मी काय काय बनवलं! काळ्या कडक रबराचा, म्हणजे एबोनाइटचा, पांढऱ्या नायलॉनचा, एक तर सागवानाचा. नायलॉनचा बदकासारखा ओरडला, म्हणून तू तो पोरांना खेळायला दिलास. एकदा खाडीकाठचा देवनळ तोडून, सावलीत वाळवून त्याच्या पत्त्या तासल्या. तू एक तोंडात धरलीस आणि तोंड वाकडं करून म्हणालास की मिठाची आहे, आमटीत घाल. ऊन चढायचं, मिठागरावर हवा थरथरायची, बगळे उभ्याउभ्या झोपायचे, आणि तू एकाच सुराला चिकटून बसलेला असायचास. मी कितीदा त्या सुरातच पेंगलो असेन. जागा व्हायचो तर सूर तिथेच, तू तिथेच, फक्त पाणी दुसऱ्या पातळीला गेलेलं. आजूबाजूला शहर वाढत होतं. एका रविवारी नुसते खांब दिसायचे, पुढे कधीतरी तिथे बाल्कन्यांत कपडे वाळत असायचे, आणि मधले महिने कुठे गेले ते आपल्याला सांगता आलं नसतं.

भांडणही एकच, नऊ वर्षं जुनं. तू म्हणायचास पत्तीत आहे, मी म्हणायचो माउथपीसमध्ये आहे. मी मोजमापं सांगायचो आणि तू ऐकून घ्यायचास. पत्तीत नाही, हे तुला पटवायचा मी किती आटापिटा केला! खरं म्हणजे माउथपीस मला माझ्या हातांनी परत द्यायचा होता. तो जमला असता तर कबुली द्यायची वेळच आली नसती, असा माझा हिशोब.

एकदा मात्र माझी जीभ घसरली. तोवर बँडची कामं कमी होत चालली होती, हळदीला लोक बेंजोवाले बोलवायला लागले होते, आणि माझा एबोनाइटचा चौथा की पाचवा माउथपीस तू नाय जमत म्हणून बाजूला ठेवला होतास. मी भडकलो. म्हटलं, कशाला एवढी मरमर? वरातीत कोणाला ऐकू येतं तुझं? बोललो आणि लगेच पस्तावलो. तू सावकाश पत्ती पुसलीस, खिशात ठेवलीस.

‘मावशी थांबली का ट्रम्पेटवाला मागं वलून बगतो,’ तू म्हणालास. ‘मना तेवरा बस हाय.’

त्यावर मी पुढचे दोन रविवार आलो नाही. लाजेने आलो नाही. तिसऱ्या रविवारी तू वाशीला माझ्या खोलीवर हजर, हातात वहिनींनी दिलेला डबा. दारातच म्हणालास, काय, भिंतीकडे बघत बसलायस ना? चल. मी चप्पल घातली आणि निघालो.

मग तुझी कावीळ, तुमचं ते झाडपाल्याचं औषध, माझी डॉक्टरसाठी आरडाओरड, आणि नंतर डॉक्टरचंही काही न चालणं. ते सगळं तू आणि मी दोघंही बघितलंय, परत उगाळत नाही. शेवटच्या रविवारी खाटेवर बसून तू मला विचारलंस, नवीन माउथपीस कुठवर आला? मी म्हटलं, डावी कड राहिलीय. तू हसलास. डोळे पिवळे आणि त्यात ते हसू. मी म्हटलं, हसायला काय झालं? तू डोळे मिटून घेतलेस. त्या क्षणी मला सांगता आलं असतं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

आता रागाचं कारण. काल जेवणं झाली, पाहुणे पांगले. मी निघतो म्हणालो तर यमुनावहिनी आतून एक डबा घेऊन आल्या, बिस्किटांचा, पत्र्याचा. घरात आता हे कोण वाजवणार, तुम्हीच न्या म्हणाल्या. उघडला. आत पत्त्या. तीसेक तरी असतील, प्रत्येक कापडाच्या चिंधीत वेगळी गुंडाळलेली. एक उचलून मी सवयीने नखावर वाकवली. एका कडेला ती केसभर पातळ होती. दुसरी बघितली, तीही त्याच कडेला. सगळ्या तशाच. काचेच्या तुकड्याने खरवडल्याच्या बारीक रेघा दिसत होत्या. मला कळायला वेळ लागला नाही, हे माझ्या पेशातलंच काम. जेवढं मी माउथपीसमध्ये सरळ केलं होतं, तेवढंच तू पत्तीत वाकडं करून घेतलं होतंस.

मी वहिनींना विचारलं, हे कधीचं? त्यांनी आठवून सांगितलं की माउथपीस बिघडल्याच्या दुसऱ्याच वर्षी. एका सकाळी कामावर जायच्या आधी तू पडवीत वाजवत होतास आणि त्या विहिरीवरून कळशी तशीच ठेवून आल्या, कारण मावशी परत पहिल्यासारखी बोलत होती. दुसऱ्या वर्षी! म्हणजे वरातींत तू आपल्या आवाजात वाजवत होतास, घरात आपल्या आवाजात वाजवत होतास, आणि रविवारी माझ्यासमोर कोरी पत्ती लावून, कपाळाला आठ्या घालून, नाय जमत म्हणत होतास. आणि मी शहाणा तुझ्या तोंडाकडे बघत मापं लिहून घेत होतो. आता एकेक आठवतंय. मी लवकर पोचलो की तू घाईने पत्ती बदलायचास. वाद तुझ्या बाजूने केव्हाच मिटला होता आणि तू सात वर्षं हरल्यासारखा बसलास. असं करतात होय कोणी? माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी वहिनींवरच चढलो, म्हटलं मला सांगितलं का नाही?

त्या जमिनीकडे बघत होत्या. म्हणाल्या, ‘मी बोल्ले त्यांना. सापरला तं सांगून टाका. तं बोल्ले, सांगितला तं तो रविवारी कशाला येल? येकटा हाय तो वाशीला.’

बाळाराम, माझा राग तिथेच गळून पडला होता, खरं सांगतो. रात्रभर तो धरून ठेवायचा प्रयत्न केला, आणि लिहिताना तोच पुढे केला, कारण त्याच्या मागे जे आहे ते लिहिता येईना. मी समजत होतो की मी तुला तुझा आवाज परत मिळवून द्यायला येतोय. तू तो कधीच मिळवला होतास आणि मला सांभाळत होतास. उघड्या दारात, तुझ्या फोटोसमोर, मी लहान पोरासारखा रडलो. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या राहिल्या.

मग जे तुला म्हणायचं होतं ते मी त्यांना म्हटलं.

‘वहिनी, तो माउथपीस बाळारामच्या हातून पडला नव्हता. मी बिघडवला. चुकलं माझं.’

‘ते मना तवाच माहीत हाय,’ त्या म्हणाल्या. ‘रविवारी येताव ना?’